खाल्लेलं बॅगेत येतंय, मग खायचं तरी कशाला?

मागच्या अंकात पोटाच्या ऑपरेशननंतरच्या आहारावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक विषय परत परत निघाला, आतड्याचा फिस्टुला. बहुतेक पत्रं घरच्यांची आहेत, रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहिलेली वाटतात. मी डाएटिशियन आहे, सर्जन नाही, तेव्हा कापण्या-शिवण्यावर मी बोलणार नाही. आणि औषधाचा डोस किंवा कुणाला किती पाणी हे तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय इथलं वाचून ठरवू नका, विशेषतः हार्टचा किंवा किडनीचा त्रास असेल तर अजिबात नाही.

प्रश्न : वडिलांचं आतडं अडकलं म्हणून ऑपरेशन झालं. दहाव्या दिवशी टाक्यांतून हिरवट पाणी यायला लागलं, डॉक्टर म्हणाले फिस्टुला झालाय, तोंडाने काही द्यायचं नाही. आज सहा दिवस झाले ते नुसत्या सलाईनवर आहेत. काका म्हणतात फिस्टुला म्हणजे भगंदर, एवढं काय घाबरायचं. खरंच तसं आहे का? आणि सलाईनवर माणूस किती दिवस काढू शकतो?

काकांचा गोंधळ अगदी साहजिक आहे, फिस्टुला म्हटलं की आपल्याला भगंदरच आठवतं. पण भगंदर गुदद्वाराजवळ असतं, आणि तुमच्या वडिलांच्या केसमध्ये आतडं आणि पोटावरची कातडी यांच्यामध्ये वाट पडलीये, म्हणजे जे अन्न आणि पाचक रस आतड्यातून पुढे जायला हवेत ते मधेच बाहेर येतायत. असे फिस्टुला चारातले तीन किंवा त्याहून जास्त वेळा ऑपरेशननंतरच होतात, आतड्याचा जोड सुटतो किंवा चिकटलेलं आतडं सोडवताना कुठेतरी इजा होते. बाकीचे क्रोन्स (आतड्याला सूज आणि जखमा होणारा जुनाट आजार), टीबी, कॅन्सर, रेडिएशन अशा कारणांनी.

आता सलाईन. हा हिशोब मी प्रत्येक नातेवाईकाला कागदावर करून दाखवते कारण सांगून पटत नाही. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १ लिटरच्या बाटलीत ५० ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे १७० ते २०० कॅलरी. दिवसाला तीन बाटल्या लावल्या तरी सहाशेच्या वर जात नाही. आणि साधं नॉर्मल सलाईन असेल तर कॅलरी शून्य, ते फक्त मीठपाणी. ६० किलोच्या माणसाला या आजारात दिवसाला साधारण १५०० ते २१०० कॅलरी लागतात आणि प्रोटीन लागतं ९० ते १२० ग्रॅम, म्हणजे किलोमागे दीड ते दोन ग्रॅम, धडधाकट माणसाच्या जवळजवळ दुप्पट. सलाईनमध्ये प्रोटीन किती? काहीच नाही. मग शरीर ते आणतं कुठून, तर स्वतःच्या मांड्या-दंडातून, छातीच्या स्नायूंतून. त्यात पोटात इन्फेक्शन असेल तर दुष्काळात तेरावा महिना, कारण इन्फेक्शनमध्ये स्नायू आणखी झपाट्याने झिजतात.

पहिले एक-दोन दिवस पाणी, क्षार, पू काढणं, अँटिबायोटिक, कातडी वाचवणं यात जातात आणि ते तसंच व्हायला पाहिजे, तेव्हा जेवणाची घाई नाही. पण सहाव्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा, "न्यूट्रिशनचा प्लॅन काय आहे? टीपीएन की नळीतून फीड?" (टीपीएन म्हणजे शिरेतून दिलेलं पूर्ण जेवण, फीड म्हणजे नळीने आतड्यात सोडलेलं पातळ अन्न.) आगाऊपणा वाटेल म्हणून गप्प बसू नका. १९६० साली बोस्टनमधल्या सर्जन लोकांनी १५७ फिस्टुला रुग्णांचा आढावा छापला होता, त्यात शंभरातले ४३ दगावलेले होते, आणि कारणं तीन होती, पाणी-क्षारांचा बिघाड, कुपोषण आणि इन्फेक्शन. आजही मृत्यूमागे मुख्यतः हीच तीन असतात, आकडा मात्र बराच खाली आलाय.

फक्त एक, फीड सुरू झालं की "लवकर लवकर वाढवा" म्हणून मागे लागू नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम पूर्ण कॅलरी दिल्या तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम धाडकन खाली येतं आणि हृदयाचे ठोकेसुद्धा बिघडू शकतात. याला रीफीडिंग म्हणतात. म्हणून जास्त धोका असलेल्यांना आधी व्हिटॅमिन बी-१ देतात, सुरुवात किलोमागे १० कॅलरीपासून करतात आणि रोज रक्त तपासत चार-सहा दिवसांत वर नेतात. तेव्हा पहिल्या दिवशी फीडची बॅग छोटी दिसली तर कंजूषपणा समजू नका.

प्रश्न : मिस्टरांच्या फिस्टुलावर लावलेल्या बॅगेत रोज १८०० मिली येतं. त्यांना सारखी तहान लागते, घसा कोरडा पडतो, म्हणून मी पाणी, ज्यूस देत राहते. जितकं देते तितकं बॅगेत जास्त येतं. आता सिस्टर म्हणतात पाणी कमी करा. तहानलेल्या माणसाला पाणी नाही द्यायचं हे कुठलं शास्त्र?

ताई, हे पत्र वाचून मला माझीच नोकरीची पहिली वर्षं आठवली. एक पेशंट होते, बॅग सारखी भरायची आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने त्यांच्या चार्टवर लिहिलं होतं, भरपूर पाणी प्या. तीन दिवसांत आऊटपुट दुप्पट, लघवी जवळजवळ बंद आणि माणूस उभं राहिलं की चक्कर येऊन पडायचा. वॉर्डातल्या सीनियरनी मला सगळ्यांसमोर झापलं नाही, बाजूला घेऊन समजावलं, तेच आता तुम्हाला सांगते.

निरोगी माणसाच्या आतड्यात खाणंपिणं आणि शरीराचे स्वतःचे रस, लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, असं सगळं मिळून दिवसाला सात ते नऊ लिटर पाणी उतरतं आणि त्यातलं बहुतेक सगळं पुढच्या आतड्यात परत शोषलं जातं. तुमच्या मिस्टरांचं भोक वरच्या बाजूला आहे असं दिसतंय, म्हणजे शोषणारा भाग वापरातच नाही. आणि लहान आतड्याच्या वरच्या भागाची एक खोड आहे, तिथली भिंत चाळणीसारखी आहे, साधं पाणी आलं की ती रक्तातलं मीठ आतड्यात सोडते, मिठामागे पाणी येतं आणि दोन्ही बॅगेत. म्हणजे तुम्ही एक ग्लास पाणी दिलं की बॅगेत ग्लासापेक्षा जास्त येतं आणि वर मीठही जातं. मीठ गेलं की तहान आणखी लागते आणि परत पाणी, हे चक्र असंच चालू राहतं. ज्यूसचंही तेच, त्यातली साखर पाणी ओढून घेते.

या पाण्यात एका लिटरमागे १०० मिलिमोल किंवा त्याहून जास्त सोडियम जातं, म्हणजे जवळजवळ ६ ग्रॅम मीठ, एक सपाट चमचा. १८०० मिलीचा हिशोब केला तर रोज १० ग्रॅमच्या वर मीठ. ते पाण्याने कसं भरून निघणार?

म्हणून अशा पेशंटना साधं पाणी, चहा, ज्यूस सगळं मिळून दिवसाला अर्धा ते एक लिटर एवढ्यावर आणतात आणि बाकीची तहान मीठ-ग्लुकोजच्या पाण्यावर भागवतात, कारण सोडियम आणि ग्लुकोज बरोबर असले की दोघं हातात हात घालून आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या नावाने ओळखलं जाणारं मिश्रण बरेच ठिकाणी वापरतात, १ लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज पावडर, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. चमच्याच्या अंदाजाने नको, एकदा वजनकाट्यावर मोजून घ्या. मेडिकलमधलं ओआरएस चालत नाही का असं सगळेच विचारतात. ते जुलाबासाठी बनवलंय, २००२ पासून त्यातलं सोडियम लिटरला ९० वरून ७५ मिलिमोलवर आणलंय, जुलाबाच्या मुलांना ते उत्तम, पण इतक्या वरच्या फिस्टुलाला थोडं कमी पडतं, म्हणून काही टीम ओआरएस जरा घट्ट करून द्यायला सांगतात. किती घट्ट ते मात्र त्यांनीच सांगायचं.

चव वाईट असते, खोटं कशाला बोलू. मी स्वतः प्यायलीये, समुद्राचं पाणी गिळल्यासारखं वाटतं. गार करून, स्ट्रॉने, दिवसभर घोट घोट घेतलं तर जातं. जेवताना पातळ काही देऊ नका, अर्धा तास आधी किंवा नंतर. पानातल्या जेवणावर मीठ वरून टाकलं तरी चालेल, बीपीवाल्यांनी आधी विचारून. लोपेरामाइड (आतड्याची गती कमी करणारं औषध) दिलं असेल तर जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, आणि बॅगेत अख्खी कॅप्सूल दिसली तर लाजू नका, सांगा, मग ती उघडून द्यायला सांगतात. जठरातलं आम्ल कमी करणारी गोळी आणि कधीकधी आतड्यातले रस कमी करणारं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन यानेही आऊटपुट खाली येतं.

घरी एक वही करा. बॅग ओतताना दर वेळी मापात मोजायची, अंदाजे "अर्धी बॅग" असं लिहायचं नाही. लघवीही मोजायची, दिवसाला निदान लिटरभर तरी हवी. वजन रोज सकाळी, एका दिवसात किलोभर उतरलं तर ते मांस नाही, पाणी गेलं. हातपाय वळणं, बोटांत मुंग्या येणं हे मॅग्नेशियम कमी असल्याचं लक्षण असतं, आणि मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिलं तरी वर येत नाही, तेव्हा रिपोर्टमध्ये दोन्ही बघायला सांगा. आणि हे सगळं करूनही तहान भागत नसेल, लघवी कमीच असेल तर तोंडाने भागवायचा हट्ट न करता शिरेतून सलाईन लावावं लागतं.

प्रश्न : मला क्रोन्स आहे, वय २६. फिस्टुलातून दिवसाला १५० मिलीच्या आसपास येतं. डॉक्टर म्हणतात सगळं खा. पण खाल्लं की तासाभरात बॅगेत दिसतं, मग मी खाणंच कमी केलं. दोन महिन्यांत सात किलो उतरलो. खाल्लेलं बॅगेतच येणार असेल तर खायचं कशाला?

मित्रा, जे बॅगेत दिसतं ते तू मोजतोयस आणि जे आत राहिलं ते दिसत नाही म्हणून मोजत नाहीयेस. दिवसाला २०० मिलीच्या आत असेल तर तो कमी आऊटपुटचा फिस्टुला, २०० ते ५०० मधला आणि ५०० च्या वर जास्त. तुझा १५० आहे, म्हणजे तू जे खातोस त्यातलं बहुतेक अंगी लागतंय. पुढे अडथळा नसेल तर तुझ्यासारख्यांना तोंडानेच खायला देतात. उपाशी राहिल्याने भोक बुजत नाही, उलट अन्न मिळालं नाही तर आतड्याचं अस्तरच पातळ होतं आणि सात किलो गेल्यावर भोक बुजायला लागणारं प्रोटीन येणार कुठून?

एक प्रयोग कर. दोन दिवस आत्ता जेवढं खातोस तेवढंच खा आणि बॅग मोज. मग चार दिवस वाढव, सहा छोटी जेवणं, प्रत्येकात प्रोटीनचं काहीतरी, अंडं, दूध, मासे, चिकन, सोया, जे पचतं ते. आऊटपुट १५० चं २५० झालं आणि वजन स्थिर राहिलं किंवा वाढलं तर तुझा फायदाच आहे. ६००-७०० वर गेलं तर थांब आणि फोन कर. सीटीमध्ये कुठे आतडं अरुंद झालेलं दिसलं असेल तरच साली, बिया, चोथा टाळ, नाहीतर उगाच पथ्यांची यादी वाढवू नकोस, मी असे पेशंट बघितलेत जे नातेवाईकांनी सांगितलेली पथ्यं पाळता पाळता शेवटी चारच पदार्थांवर आलेले असतात. लहान आतड्याचं शेवटचं टोक आजारी असेल किंवा काढलेलं असेल तर बी-१२ चं इंजेक्शन लागतं, ते तोंडाने पुरत नाही. झिंकही तपास, लहान आतड्याच्या एका लिटर पाण्यात साधारण १२ मिलिग्रॅम झिंक जातं, तुझं कमी जात असेल पण खाणंही कमी आहे ना.

प्रश्न : भावाला टीपीएन चालू आहे, दंडात लाईन आहे. आता घरी सोडणार म्हणतात, रात्री बॅग लावायची आणि सकाळी काढायची. आम्हाला जाम भीती वाटतेय.

भीती वाटलेली बरी, बेफिकीर घरांपेक्षा घाबरलेल्या घरांत लाईन जास्त टिकतात असा माझा अनुभव. टीपीएन म्हणजे सलाईन नव्हे, त्या बॅगेत ग्लुकोज, अमिनो आम्लं, चरबी, क्षार, व्हिटॅमिन, झिंक-सेलेनियमसारखे सूक्ष्म घटक सगळं असतं, म्हणजे पचवून तयार झालेलं जेवण थेट रक्तात. १९६० च्या दशकात अमेरिकेत डॉ. स्टॅन्ली डड्रिक यांनी बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांना फक्त शिरेतून खाणं देऊन वाढवलं, ती बाकीच्या पिल्लांसारखीच मोठी झाली आणि त्यावरून माणसांत हे आलं. त्याआधी वरच्या फिस्टुलाच्या पेशंटला पुरेसं खायला घालायचा धड मार्गच नव्हता.

मुख्य धोका लाईनच्या इन्फेक्शनचा. ती नळी फक्त टीपीएनसाठी, तिच्यातून रक्त काढायचं नाही, दुसरं औषध सोडायचं नाही. हात धुणं आणि टोपण घासून पुसणं हे रोज, कंटाळा आला तरी. आणि हे फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहा : बॅग चालू असताना थंडी वाजून ताप आला तर बॅग बंद करून लगेच हॉस्पिटल, रात्रीचे तीन वाजले असले तरी. तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. बॅगेत स्वतः काहीही मिसळायचं नाही, फ्रिजमधून आधी काढून ठेवायची, तेलासारखा थर वेगळा दिसला तर लावायची नाही. शुगर किती वेळा बघायची ते डिस्चार्जच्या आधी लिहून घ्या. लिव्हरचे रिपोर्ट अधूनमधून होतात कारण टीपीएन महिनोन्महिने चाललं की लिव्हरवर ताण येतो, आणि म्हणूनच परवानगी असेल तर तोंडाने थोडं खाणं चालू ठेवतात.

प्रश्न : आईचं अल्ब्युमिन २.१ आहे. अंड्याचा पांढरा भाग रोज सहा देतोय तरी वाढत नाही. अल्ब्युमिनची बाटली लावली तर जेवणाची कमी भरून निघेल का?

नाही. आणि सहा अंड्यांचा दोषही नाही. अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रोटीन, ते लिव्हर बनवतं, पण शरीरात कुठे इन्फेक्शन किंवा सूज असेल तर लिव्हर ते काम बाजूला ठेवतं आणि रक्तातलं अल्ब्युमिन सुजेच्या पाण्याबरोबर बाहेर झिरपतं. म्हणून हा आकडा "आई किती खाते" यापेक्षा "आई किती आजारी आहे" हे जास्त सांगतो. रक्तातल्या अल्ब्युमिनचं अर्धआयुष्य साधारण २० दिवस असतं, आठवड्याने तपासून निराश व्हायचं कारणच नाही. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज-इन्फेक्शन दाखवणारी रक्ततपासणी, बघा. तो वर असेल तर पोटात कुठेतरी पू साठलाय का हे सीटी करून शोधायला सांगा, तो पू निघाल्याशिवाय जेवण अंगी लागत नाही. बाटलीतलं अल्ब्युमिन काही विशिष्ट कारणांसाठी देतात, जेवण म्हणून नाही. अंडी चालू ठेवा, पिवळ्या भागासकट द्या, त्यात कॅलरी आहेत, नुसतं पांढरं देण्याचं खूळ कुठून आलंय कोण जाणे. आणि हाताची पकड सुधारतेय का, आधाराशिवाय खुर्चीतून उठता येतंय का, हे बघत राहा.

प्रश्न : फिस्टुलाच्या खालच्या तोंडात नळी घालून फीड देणार म्हणतात. ऐकूनच कसंतरी झालं. हे खरंच करतात?

करतात, याला फिस्टुलोक्लायसिस म्हणतात. खालचं आतडं चांगलं असेल, साधारण ७५ सेंटीमीटर तरी उरलं असेल आणि पुढे अडथळा नसेल तर तिथे नळी ठेवून हळूहळू फीड सोडतात, काही ठिकाणी वरून निघालेला रसच गाळून परत खाली सोडतात. २००४ मध्ये ब्रिटनमधून आलेल्या एका अभ्यासात १२ पैकी ११ पेशंटचं टीपीएन यामुळे बंद करता आलं होतं. किळस पहिल्या आठवड्यात असते. त्या बदल्यात लाईनच्या इन्फेक्शनचा धोका जातो, लिव्हरला आराम मिळतो आणि ऑपरेशनच्या वेळी खालचं आतडं वाळलेल्या काडीसारखं न मिळता जरा जाड, शिवता येण्यासारखं मिळतं. पहिले काही दिवस कळ येते, पातळ संडास होते, वेग कमी केला की बसतं.

प्रश्न : भोक दिसतंय, बॅग लावून माणूस बसलाय, तर सर्जन सहा महिने थांबा का म्हणतात? तोपर्यंत आम्ही नुसती वाट बघायची?

काही फिस्टुला, साधारण तिसरा हिस्सा, आपोआप बुजतात, आणि जे बुजायचे ते बहुतेक इन्फेक्शन आटोक्यात आल्यावर चार ते सहा आठवड्यांत बुजतात. त्यानंतर पुढे अडथळा असेल, कॅन्सर किंवा रेडिएशनचा भाग असेल, किंवा आतड्याचं अस्तर बाहेर उलटून कातडीला जुळलेलं दिसत असेल तर वाट बघून बुजत नाही. पण म्हणून लगेच पोट उघडता येत नाही, कारण आधीच्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना इतकी घट्ट चिकटलेली असतात की सोडवताना नवीन भोकं पडतात. ती सैल व्हायला निदान तीन महिने, बऱ्याचदा सहा ते बारा. पोट हाताला मऊ लागायला लागलं, फिस्टुलाचं तोंड खोकल्याबरोबर थोडं बाहेर यायला लागलं की सर्जन खूश होतात.

नुसती वाट कुठे, याच महिन्यांत वजन परत आणायचंय, रोज चालायचंय, जखमेभोवतीची कातडी कोरडी ठेवायचीये, आणि वही लिहायचीये. पुढच्या व्हिजिटला ती वही घेऊन जा, तीन आकडे वरच लिहा, बॅग किती, लघवी किती, वजन किती.